अठरावर ठेवलेला एसी

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एका मंगळवारी सकाळी ठाण्याला गाडी बदलत असताना कर्जतहून दादांचा फोन आला. "ताई, ते मशीन टकटक करतंय." कसं टकटक, विचारल्यावर त्यांनी फोनच मशीनजवळ नेला. टक, टक, टक, मग जरा शांतता, मग परत टक, टक, टक. ट्रान्सहार्बरच्या गर्दीतही तो आवाज मला ओळखता आला. हार्ड डिस्कचं हेड तबकडीवरची खूण शोधतंय, ती सापडत नाही, म्हणून मूळ जागी परत जाऊन पुन्हा शोधतंय, असा त्याचा अर्थ. "लगेच बंद करा," म्हणून मी फोन ठेवला. दुसरी डिस्क आहे, पहिलीवर जे जे लिहिलं ते तिच्यावरही उमटलेलं आहे, अशी स्वतःची समजूत घालत ऑफिसला गेले. गुरुवारी ती दुसरी एकटीच लावून मशीन चालू केलं. शुक्रवारी तीही गेली.

संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातली चूक माझी आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर ही संस्था काम करते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. त्यानंतर संस्थेच्या प्रत्येक बैठकीत एक प्रश्न फिरून यायचा. उद्या दुसरी एखादी वाडी अशीच गेली, तर मागे राहिलेल्यांनी आपण कोण आणि कुठले, हे कशावरून दाखवायचं?

हा प्रश्न कागदांचा होता. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आदिवासी कुटुंबाला जमिनीचा दावा करायचा, तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती जमीन आपल्या कसण्यात आहे हे दाखवावं लागतं. गंमत अशी, की यातला सगळ्यात भक्कम पुरावा बऱ्याचदा वनखात्यानेच दिलेला असतो: अतिक्रमण केलं म्हणून केलेल्या दंडाची पावती. आजोबांना गुन्हेगार ठरवणारा कागद नातवाच्या दाव्याला आधार होतो. जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, तो वेगळाच. दहा घरांत विचारावं तेव्हा एखाद्या घरात पणजोबांच्या नावाची शाळेची किंवा महसुलाची नोंद निघते. साठेक कुटुंबांचे असे कागद आम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात स्कॅन केले. एका कंपनीने टाकून दिलेला सर्व्हर मी मिळवला, त्यात दोन नव्या डिस्का घातल्या आणि संस्थेच्या ऑफिसातल्या आतल्या खोलीत, लोखंडी कपाटात, तो बसवला. खोलीला एसी लावून घेतला. बाहेर एका कागदावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहून चिकटवली: एसी कायम १८ वर, कधीही बंद करू नये.

दुसरी सूचना मशीनसाठी होती. कर्जतला पावसाळ्यात वीज दिवसातून दहा वेळा जाते, यूपीएसची बॅटरी जुनी होती, आणि लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कचं नुकसान होतं. म्हणून संध्याकाळी ऑफिस बंद करताना सर्व्हर नीट शटडाऊन करायचा आणि सकाळी चालू करायचा. दोन्ही सूचना वेगवेगळ्या वाचल्या तर शहाण्या माणसाच्या वाटतात. वीजबिल बघून दादांनी हाय खाल्ली, पण मी ऐकलं नाही. इंजिनीअर आहे, मला कळतं, असा त्यांचा समज होता. माझाही होता.

डिस्का मेल्यावर मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं, की हा अठराचा आकडा माझ्या डोक्यात आला कुठून? कॉलेजात कोणी शिकवला नव्हता. पहिल्या नोकरीत सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून जावं लागायचं, तिथून आला असावा. किंवा त्याच्याही आधी, शाळेतून. आमच्या शाळेत एसी फक्त कॉम्प्युटर लॅबला होता आणि चपला बाहेर काढून आत जायचं असायचं. देवघर आणि कॉम्प्युटर, दोनच ठिकाणं अशी. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर पंखा गरगरायचा आणि आम्ही सहावीतली पोरं गारठून पेंटमध्ये घर आणि डोंगर काढायचो.

या शिस्तीला इतिहास आहे, आणि तो खरा आहे. आयबीएमने १९५६ साली पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क बाजारात आणली, रॅमॅक नावाच्या यंत्राचा भाग म्हणून. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि त्यात मावणार काय तर पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तेवढा असतो. तबकडीवर हेड घासू नये म्हणून कॉम्प्रेसरने हवा सोडून ते अधांतरी धरलेलं असायचं. पुढे १९६२ मध्ये आयबीएमनेच काढघाल करता येईल असा तबकड्यांचा डबा आणला. एका यंत्रावर लिहिलेला डबा उचलून दुसऱ्यावर लावायचा. इथे तापमान जिवावर बेतायचं. धातू तापला की फुगतो, तबकडीवरचे वर्तुळाकार मार्ग केसाच्या अंशाएवढे सरकतात, आणि पहिल्या यंत्राने जिथे लिहिलं तिथे दुसऱ्याचं हेड पोचत नाही. म्हणून सगळी खोली एकाच तापमानाला ठेवायची आणि बाहेरून आणलेला डबा लावण्याआधी त्या खोलीत मुरू द्यायचा. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० हा प्रचंड संगणक आला, तो याच काळातला. आपल्याकडे 'संगणक म्हणजे गार खोली' हे समीकरण अशा यंत्रांनी रुजवलं.

१९७३ मध्ये आयबीएमच्या 'विंचेस्टर' डिस्कने हेड आणि तबकड्या एकाच बंद डब्यात घातल्या. ज्याने लिहिलं तोच वाचणार, आणि तापून सरकायचं तर दोघं मिळून सरकणार. आजची प्रत्येक हार्ड डिस्क त्या घराण्यातली आहे. म्हणजे काटेकोर गार खोलीचं एक मोठं कारण माझ्या जन्माच्या वीसेक वर्षं आधीच संपलं होतं. सवय मात्र राहिली, आणि तिला आधार म्हणून एक शास्त्रीय वचनही होतं: तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघाड दुप्पट होतात. याचं मूळ स्वांते अऱ्हेनियसने १८८९ मध्ये मांडलेल्या, रासायनिक अभिक्रियांच्या वेगाच्या समीकरणात आहे. अभिक्रियांपुरतं ते उत्तमच आहे. पण फिरणारी मोटर, हलणारा दांडा, वंगण, हेड, सर्किट बोर्ड असा सगळा संसार असलेल्या यंत्राला ते जसंच्या तसं का लागू व्हावं, हे फार कोणी तपासलं नव्हतं.

तपासलं ते गूगलच्या लोकांनी, २००७ मध्ये. पिन्हेरो, वेबर आणि बारोसो या तिघांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांच्या नोंदी काढून निबंध लिहिला. गरम डिस्का जास्त मरतात असं त्यात सरसकट दिसलं नाही. फार तापलेल्या आणि तीनेक वर्षं वापरलेल्या डिस्कांत तसा कल होता खरा, पण सगळ्यात थंड राहिलेल्या डिस्का मधल्या तापमानाच्या डिस्कांपेक्षा जास्त मेल्या होत्या. नंतर टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सांगितलं, की तापमानाचा परिणाम आहे, पण समजतात त्याहून कमी. मायक्रोसॉफ्टच्या नोंदींवरून २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने सांगितलं, की नाही, तापमानाला महत्त्व आहेच. हा वाद मिटलेला नाही आणि मी मिटवणार नाही. पण तोवर व्यवहार बदलला होता. डेटा सेंटरसाठी ज्यांचे निकष जगभर पाळतात त्या 'ॲश्रे' या अमेरिकी संस्थेने २००४ मध्ये २० ते २५ अंश सुचवले होते, २००८ मध्ये ते १८ ते २७ केले. माझा अठरा म्हणजे त्या पट्ट्याचं पार खालचं टोक. २७ चाललं असतं.

आणि मग २०१६ चा एक निबंध हाती लागला. मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरांतल्या दहा लाखांहून जास्त डिस्कांचा अभ्यास, त्यातली काही केंद्रं बाहेरची हवा आत घेऊन गार होणारी. लेखकांच्या हाती लागलं ते असं: बिघाडाशी सगळ्यात घट्ट नातं तापमानाचं नाही, सापेक्ष आर्द्रतेचं आहे. दमट ठिकाणी डिस्कची तबकडी आणि हेड जातात त्यापेक्षा तिचा कंट्रोलर, म्हणजे खालचा हिरवा सर्किट बोर्ड आणि त्याच्या जोडण्या, जास्त जातात. मी हे कर्जत लोकलमध्ये वाचत होते. खिडकीबाहेर वांगणीच्या पुढची भातशेतं पाण्याने भरलेली होती, आणि माझ्या बॅगेत त्या दोन डिस्का होत्या. घरी येऊन एकीचा बोर्ड उलटा केला. जिथे तो आतल्या हेडला जोडला जातो त्या सोनेरी ठिपक्यांवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड होती. दुसरीवरही तीच.

पण आर्द्रता आली कुठून? खोली बंद, एसी चालू, आणि एसी तर हवा कोरडी करतो. हे कोडं मी सोडवलं नाही. ऑफिस झाडायला येणाऱ्या मावशींनी सोडवलं, तेही सहज बोलता बोलता. मी कपाट उघडून बसले होते, त्या म्हणाल्या, "आत्ता कोरडं आहे ते. सकाळी नुसता घाम फुटलेला असायचा त्याला. रोज पुसायचे मी." कधीपासून? "पाऊस सुरू झाल्यापासून." मग सांगितलं का नाही कोणाला? यावर त्या हसल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि दारावर माझी ती मोठ्या अक्षरांतली सूचना होती. एसी बंद करू नये असं त्यात लिहिलेलं होतं, खिडकी उघडू नये असं नव्हतं. रात्रभर कोंडलेली खोली झाडायची, तर माणूस आधी खिडकी उघडणार.

मग मी वही घेऊन बसले. जुलैतल्या सकाळी कर्जतला हवा साधारण २५ अंशांची आणि ९५ टक्के आर्द्रतेची धरली, तर तिचा दवबिंदू २४ च्या आसपास येतो. म्हणजे २४ पेक्षा गार कोणत्याही वस्तूला ती हवा लागली, की वस्तूवर पाणी जमणार; फ्रिजमधल्या बाटलीवर जमतं तसं. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जवळजवळ २२ ग्रॅम पाण्याची वाफ असते. १८ अंशांच्या हवेत मावते जेमतेम साडेपंधरा. वरच्या साडेसहा ग्रॅमनी जायचं कुठे? दहा बाय बाराच्या त्या खोलीत अशी हवा एकदा पूर्ण भरली, तर पेलाभर पाण्याचा हिशेब होतो. भिंत, कपाट, आणि रात्रभर बंद राहून १८ अंशांना गारठलेला सर्व्हर, यांच्यात ते पाणी वाटलं जायचं. मावशी कपाट बाहेरून पुसायच्या. आतलं कोण पुसणार? हार्ड डिस्कला दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक श्वासाचं भोक असतं, त्याला फिल्टर असतो, पण वाफेला तो अडवत नाही. आणि बोर्ड तर उघडाच. अर्ध्या तासाने दादा येऊन बटण दाबायचे. ओल्या बोर्डात वीज जायची. हे रोज सकाळी चाललं, दोन महिने.

मशीन रात्रंदिवस चालू ठेवलं असतं, तर? चालू डिस्क ३५ अंशांना तरी असते. तीच दमट हवा ३५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांवर येते. म्हणजे डिस्कने स्वतःच्या उबेने स्वतःला कोरडं ठेवलं असतं. एसी नसता तरी ती मेली नसती, बहुधा. माझ्या दोन शहाण्या सूचनांनी मिळून तिला मारलं.

एअर कंडिशनिंगचा इतिहास मी खरं तर अपराधी भावनेतून वाचायला घेतला, आणि त्याने माझी चांगलीच जिरवली. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्याची तक्रार होती: उन्हाळ्यातल्या दमट हवेने कागद फुगतो, एकावर एक छापायचे रंग जागचे हलतात. विलिस कॅरियर या तरुण इंजिनीअरने त्यावर यंत्र आखलं. हवा गार नळ्यांवरून न्यायची, तिच्यातलं पाणी तिथेच टिपायचं आणि आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास धरायची. उद्देश माणसाला गार वाटावं हा नव्हताच. कागदासाठी हवेतलं पाणी मोजून ठेवायचं होतं. कॅरियर तेव्हा पंचविशीत होता, माझ्याहून लहान. चार वर्षांनी, १९०६ मध्ये, स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकी गिरणी-तज्ज्ञाने 'एअर कंडिशनिंग' हा शब्द घडवला. तो सूतगिरण्यांच्या हवेत पाणी घालण्याबद्दल बोलत होता. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं, तुटतं. म्हणजे यंत्र जन्मलं पाणी काढायला, शब्द जन्मला पाणी घालायला, आणि रिमोटवर आमच्या वाट्याला आला फक्त तापमानाचा आकडा. आर्द्रतेचा आकडा दाखवणारा रिमोट मी आजवर पाहिलेला नाही.

सूतगिरणी म्हटलं की आमचा भाग दूर राहत नाही. कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. तिच्यामागे गिरण्यांची रांग लागली, तिला बंदर, कापूस, भांडवल अशी अनेक कारणं होती, आणि समुद्रावरची दमट हवा हेही त्यातलं एक. या गिरण्या कोळशावर चालायच्या. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडवून खाली सोडावा, त्यावर वीज करावी आणि ती गिरण्यांना द्यावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते १९०४ मध्ये गेले. कंपनी १९१० मध्ये निघाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खालापूर तालुक्यातल्या खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरोता इथलं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली कोसळत चाकं फिरवतं. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं, त्याचं पाणी वरच्या ठोकरवाडी धरणातलं. वीज तारांनी मुंबईला जाते. वापरून झालेलं पाणी खोपोलीत पाताळगंगेला आणि भिवपुरीत उल्हासला मिळतं. राजनाल्याच्या कालव्यावरची कर्जतची उन्हाळी भातं याच पाण्यावर पिकतात. आमच्या डोक्यावरून शंभर वर्षं वीज जाते आहे आणि आमच्या सर्व्हरला यूपीएस लागतो. असो, हा राग वेगळ्या लेखाचा आहे.

पण या केंद्रांमागचं भौतिकशास्त्र आणि माझ्या कपाटाचं भौतिकशास्त्र एकच आहे, हे मला डिस्का मेल्याशिवाय कधी दिसलं नव्हतं. अरबी समुद्रावरून आलेली वाफेने भरलेली हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, चढताना प्रसरण पावून गार होते, दवबिंदूच्या खाली जाते आणि पाणी सोडते. बोरघाटाच्या तोंडावर हे चार महिने चालतं. टाटांनी ते पाणी मोजलं, अडवलं, पाइपात घातलं. त्याच हवेला मी कर्जतमधल्या खोलीत गार पत्रा दाखवला आणि पाणी मोजायचं विसरले.

हे विसरणं जुनंही आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट खालापूर तालुक्यातल्या चौकला मुक्कामाला होता. उन्हाने हैराण होऊन तो समोरचा डोंगर चढला, वर गारवा सापडला, आणि माथेरान 'थंड हवेचं ठिकाण' झालं. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली नेरळची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. मेमधला गारवा सगळ्यांनी मोजला. पण त्याच डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये साहेब खाली उतरायचे, गाडी अजूनही पावसाळ्यात नेरळहून वर जात नाही, आणि तिथल्या माणसांना बंगल्यांच्या भिंती आणि गाद्या बुरशीपासून वाचवत चार महिने काढावे लागतात. थंड हवेच्या ठिकाणाला ओल्या हवेचं ठिकाण असं कोणी म्हटलं नाही. चौकहून मॅलेटला जसा माथेरानचा डोंगर दिसला तसाच इर्शाळगडही दिसला असणार.

माझ्याहून फार मोठ्या लोकांची अशीच फजिती झालेली आहे, हे वाचून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? २०११ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, प्राइनव्हिलच्या फेसबुकच्या नव्याकोऱ्या डेटा सेंटरमध्ये चक्क ढग तयार झाला. तिथे बाहेरच्या हवेत पाण्याचे तुषार सोडून ती गार करायची पद्धत होती. हवा खेळवणाऱ्या यंत्रणेत चूक झाली, आर्द्रता ९५ टक्क्यांवर गेली, आणि सर्व्हरांवर पाणी जमून वीजपुरवठ्याची युनिटं फुटू लागली. पुढे त्यांनी त्या युनिटांना रबरी सील बसवलं. आमच्याकडे चौकहून पनवेलकडे जाताना भोकरपाड्याच्या हिरानंदानी वसाहतीत २०२० मध्ये योट्टा कंपनीचं एनएम-१ हे डेटा सेंटर उभं राहिलं, ७,२०० रॅकचं. बाहेरून नुसती खिडक्या नसलेली प्रचंड भिंत दिसते. पूर्वी तिच्याकडे बघून मला वाटायचं, आत किती गार असेल. आता वाटतं, आत किती कोरडं असेल. अशा जागी आतल्या आर्द्रतेवर चोवीस तास नजर असते. आणि मोठ्या डेटा सेंटरांसाठी २०१३ पासून हेलियम भरून पूर्ण सीलबंद केलेल्या डिस्काही मिळतात, ज्यांना श्वासाचं भोकच नसतं. बोर्ड त्यांचाही बाहेरच असतो.

आमच्या डिस्का मी लॅमिंग्टन रोडवर एका कारागिराकडे नेल्या. त्याने त्याच मॉडेलचा जुना बोर्ड शोधला, मूळ बोर्डावरची चिप काढून त्यावर चढवली आणि संपर्काचे ठिपके साफ केले. पहिली डिस्क, टकटक करणारी, उठलीच नाही. दुसरी तीन दिवस चालली, तेवढ्यात निम्म्याहून थोडं जास्त बाहेर काढता आलं. बाकीच्या कुटुंबांकडे परत जायचं होतं. गणपती झाल्यावर स्कॅनर घेऊन आम्ही वाड्यांवर फिरायला लागलो. दादा प्रत्येक घरी आधी सांगायचे, "मागच्या वेळचं मशीन खराब झालं," आणि मी माझ्या पायांकडे बघायचे.

एका घरी आजींनी मला आत बोलावलं. चुलीच्या वर, आढ्याला टांगलेल्या टोपलीत बियाण्याच्या पुरचुंड्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. धुराने पिवळे पडलेले, कडेला काळवंडलेले, पण कडकडीत कोरडे. आत १९८० च्या दशकातली वनखात्याची पावती, शाई शाबूत. बी आणि कागद एकत्र का, विचारलं. "दोन्हीला ओल नको ना." चुलीची ऊब, म्हणजे गरम हवा, म्हणजे कमी सापेक्ष आर्द्रता. माझ्या वहीतला ३५ अंशांचा हिशेब तिथे टांगलेला होता.

सगळीकडे असं झालं नाही. एका घरात मूळ कागदच राहिले नव्हते. स्कॅन झालेत, आता कॉम्प्युटरात आहेत, असं आम्हीच मे महिन्यात सांगून गेलो होतो. त्या भरवशावर पिशवी चुलीवरून काढून कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवली, आणि पावसात पेटीत पाणी शिरलं. कागदांचा लगदा झाला होता. त्यात दंडाच्या दोन पावत्या होत्या, हे मला आठवतं, कारण स्कॅनरवर त्या मीच ठेवल्या होत्या. वाचवलेल्या निम्म्यात त्या नाहीत. घरातला मुलगा मला काही बोलला नाही. त्याने फक्त विचारलं, त्या पावत्यांवरचा नंबर तुम्ही कुठे लिहून ठेवला होता का? नव्हता.

आता त्या खोलीत एसी २७ वर, ड्राय मोडमध्ये असतो. सर्व्हर बंद होत नाही, यूपीएसची बॅटरी नवी आहे. कपाटात दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक लावला आहे आणि मावशी सकाळी आल्या की आधी त्यावरचा आकडा वहीत लिहितात, ६० च्या वर गेला तर मला फोन करतात. खिडकीला पट्टी ठोकली आहे. एक प्रत पुण्याला माझ्या मावसभावाकडे असते, दर महिन्याला बदललेली. त्या पावत्यांची नोंद वनखात्याच्या जुन्या रजिस्टरात निघते का, यासाठी त्या मुलाच्या नावाने माहिती अधिकारात अर्ज केला आहे. उत्तर आलेलं नाही.